नवसाच्या कोंबड्याचं नख

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, प्रीव्हियसची परीक्षा मी पास झालो आणि त्यापायी आमचा तांबडा कोंबडा मरणार, हे मला गावी पोचल्यावर कळलं.

महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून मी कोल्हापुरात कॉलेजला जात होतो. आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. पोरगा पास झाला तर तांबडा देईन, असं आई गावदेवीला बोलली होती. पिल्लू असल्यापासून तो मी वाढवलेला. आईला ते माहीत होतं; आवडतं तेच देवीला बोलावं, असं ती मानायची.

आमच्याकडे नवसाचा कोंबडा आधी मुलाणीचाचा तपासायचे. गावात सगळ्यांचे कोंबडे कापायला तेच असत, आणि पाखराची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. तुरा फाटलेला, डोळ्यात फूल पडलेलं, नख तुटलेलं, असं काहीही निघालं की चाचा मान हलवत. मग तो कोंबडा सुटायचा आणि घरातला दुसरा द्यायचा.

म्हणून नवस फेडायच्या मंगळवारी सकाळी, बोरू तासायची सुरी घेऊन मी परसात गेलो. तांबड्यावर झाकलेलं डालगं उचललं आणि तुऱ्याचं टोक चिमटीत धरलं. एवढंसंच कापायचं होतं. कोंबडा जागचा हलला नाही. माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. मला जमलं नाही. सुरी सदऱ्याच्या खिशात टाकून मी नदीवर आंघोळीला गेलो. जाताना मला स्वतःची फार लाज वाटत होती, एवढं आठवतं.

परत आलो तर चाचा परसात उकिडवे बसले होते, मांडीवर तांबडा. वडील शेजारी उभे. चाचांनी तुरा बोटांतून फिरवला, चोच उघडून आत पाहिलं, पंख पसरून खाली फुंकर घातली. कोंबड्याचा स्वभाव बघायचा म्हणून त्याला उताणा करून सोडला. तो तसाच निपचित राहिला.

"लई गरीब हाय," चाचा म्हणाले. मग पाय बघता बघता त्यांचा हात थांबला.

उजव्या पायाचं मधलं नख मुळापासून उडालं होतं. रक्त ओलं होतं, आणि त्यावर हळद दाबलेली होती.

मी दचकलोच. सकाळी तो पाय मी पाहिला होता. धड होता.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनी माझ्या खिशातून वर आलेली सुरीची मूठ पाहिली.

"कॉलेजात ह्येच शिकिवत्यात व्हय, पावणं?"

माझ्याच घरात मला पावणं म्हणाले. वडील मग खूप बोलले; देवीची वस्तू मी नासवली, शिकून मी घराला बुडवणार, असं पुष्कळ. मी नव्हे, असं म्हणायला तोंड उघडेना. सुरी घेऊन गेलो होतोच की. मान खाली घालून उभा होतो, तेव्हा धुण्याच्या दगडावर आईचा अडकित्ता दिसला. नुकताच धुतलेला. खाचेत हळद राहिली होती.

मंगळवारी देवीला दिवा लावल्याशिवाय आई पाणीसुद्धा पीत नसे. देवळासमोरून जाताना ती चप्पल हातात घ्यायची. कोंबड्याचा जीव वाचावा म्हणून तिने देवीला फसवलं, हे मला खरंच वाटेना.

आई दारात आली. "त्याला बोलू नगा," ती वडिलांना म्हणाली. "नख म्या कापलं. देवीला शब्द म्या दिलता, काय सांगायचं ते तिला मीच सांगीन."

वडिलांनी देवळाच्या दिशेला हात जोडले. चाचांनी तांबड्याला मांडीवरून उतरवलं. "खोड ती खोड. दुसरा आणा."

दुसरा, काळा कोंबडा, आईनेच धरून आणला. तो तिने स्वतः वाढवलेला. त्या दुपारी मी रस्सा खाल्ला, तिने भाकरी मिठाशी खाल्ली. असं का केलं, म्हणून मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "मास्तर तुझं कार्ड वाचून दावत्यात. आधी तांबड्याची खुशाली इचारतोस, मागनं माझी."

ती रागावली होती की हसत होती, मला आजही सांगता येत नाही.

तांबडा बरा झाला, थोडा लंगडत राहिला. पण चाचांनी गरीब ठरवलेला तो कोंबडा आईला पुढे कधी परसात येऊ देईना. ती दिसली की पिसं फुलवून अंगावर जायचा. एकदा तर पोटरी फोडली. माझ्या हातावरचे दाणे मात्र खायचा.

आईने त्याच्यावर कधी काठी उगारली नाही. दाराआड उभी राहून लांबूनच दाणे फेकायची, आणि म्हणायची, "बरोबर हाय त्याचं."