वसुधाचं कायमचं गाव

वसुधाच्या निखिलचा फोन आला तेव्हा मी दुबईत, करामातल्या सुपरमार्केटात कोथिंबीर निवडत होते. "काकी, आई गेली... इन हर स्लीप," एवढंच तो म्हणाला. दुबईत वाढलेला मुलगा, मराठीत सुरू करतो आणि अवघड जागा आली की इंग्रजीत शिरतो. मी "बरं" म्हटलं. मग कोथिंबीर घेतली, दही घेतलं, रांगेत उभी राहिले. घरी येऊन आमटीला फोडणी दिली आणि जेवणं झाल्यावर यांना सांगितलं. त्याला आता दीडेक महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही.

वसुधा आणि मी करामातल्या एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत, वीसेक वर्षं राहिलो. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त काढून आली तरी संध्याकाळी तिच्याकडे हसण्यापुरती ताकद उरलेली असे. तिचा नवरा श्रीकांत एका सकाळी ऑफिसला जाताना मेट्रोच्या जिन्यावर कोसळला तो गेलाच. निखिल तेव्हा कॉलेजात होता. वसुधाचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता, म्हणून ती इथं राहू शकली. आपण सगळे इथं नोकरी आहे तोवरचे... हे कुणी बोलून दाखवत नाही, पण भिंतीत खिळा ठोकतानाही ते डोक्यात असतं.

साठी जवळ आली तशी तिचीही नोकरी संपणार हे दिसू लागलं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती सांगलीला भावाकडे जाईल. निखिल तोवर नोकरीनिमित्त टॅलिनला स्थिरावला होता. एस्टोनियाची ही राजधानी आम्ही नकाशात शोधून काढली होती, इतकी ती लहान. एका रविवारी वसुधा चहाला आली आणि कप हातात घेऊन म्हणाली, "मी निखिलकडे चाललेय. कायमची." मी थंडीचं काढलं, भाषेचं काढलं, या वयात तिथं बोलायला कोण मिळणार ते काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, इतकी वर्षं तात्पुरती राहिले," ती म्हणाली. "एक व्हिसा संपायच्या आत दुसरा. आता एकदा कुठंतरी कायमची राहून बघायचंय."

"मग सांगली काय वाईट आहे?"

"सांगलीत मी पाहुणी असते. वहिनी माझ्यासाठी चांगले कप बाहेर काढते."

कागदपत्रांत बरेच महिने गेले, पण ती गेली. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं. फोनवर प्लास्टर दाखवत सांगायची, दुपारी साडेतीनला अंधार पडतो, दिवेलागणीची वेळच कळत नाही, म्हणून जेवण झालं की लगेच देवापाशी दिवा लावून टाकते. लायब्ररीत भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गात बहुतेक युक्रेनहून आलेल्या बायका, त्यांना हिनं पोहे खाऊ घातले. एकदा मोठ्या आनंदानं सांगत होती की या भाषेत भविष्यकाळच नाही, उद्याचंही आजच्यासारखंच बोलायचं. "आपल्याला दुबईत ही भाषा शिकवायला हवी होती," असं म्हणून हसली.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे आठवडाभर राहून आले. फळवाली तिला नावानं ओळखत होती. एका दुपारी तिनं मला तिथली दफनभूमी दाखवायला नेलं. ते एक जंगलच होतं, उंच पाइन झाडांचं, आणि झाडांखाली थडगी. एक म्हातारी छोट्या दाताळ्यानं थडग्यापुढची वाळू सारखी करत होती. आपण सकाळी अंगण झाडतो तसंच. वसुधा ते बघत बाकावर बसली आणि मग सहज म्हणाली, "माझी राख इथंच ठेवायला सांग त्याला. परत न्यायला नको." मी म्हटलं, तूच सांग की. ती म्हणाली, "त्याला कसं सांगू? तो घाबरेल."

म्हणून ते मला सांगावं लागलं. वसुधाच्या भावानं हट्ट धरला होता की अस्थी सांगलीला आणायच्या, कृष्णेत सोडायच्या, आईवडिलांच्या सोडल्या तिथंच. निखिलनं मला फोन केला. "काकी, मामा इज व्हेरी अपसेट. आई तुला कधी काही बोलली होती का?" मी त्याला बाकावरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो मग "ओके" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला. आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "तुम्ही कोण हे ठरवणाऱ्या?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी तिची शेजारीण. त्यांनी फोन ठेवला. मोठ्या भावाच्या जागेवरून त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

राख झाडाखाली ठेवली ते मी जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवर पाहिलं. निखिल, त्याच्या ऑफिसातली दोघंतिघं, भाषेच्या वर्गातल्या बायका. त्यांतली एक पुढं होऊन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. काय, ते मला कळलं नाही. मध्येच चित्र थिजलं, परत आलं तोवर सगळे निघाले होते. मी उठून कणीक मळायला घेतली. पुढच्या वर्षी यांची नोकरी संपतेय. पुण्यातला फ्लॅट बंद आहे, मुलगी टोरांटोला... आम्ही अजून काही ठरवलेलं नाही.

टॅलिनहून निघताना वसुधानं माझ्या पर्सला एक चमकता तुकडा अडकवला होता. तिकडं अंधारात पायी चालणाऱ्यानं असा रिफ्लेक्टर लावायचाच असा नियम आहे, गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून. दुबईत रात्रीही इतका उजेड, तिथं हे काय करू, असं मी म्हटलं होतं. "राहू दे लटकत," ती म्हणाली होती. तो तसाच लटकतोय. परवा संध्याकाळी इमारतीमागच्या पार्किंगमधून येत होते. तिथला दिवा बंद होता. एक गाडी वळली, तिचा उजेड पर्सवर पडला, तुकडा लख्ख चमकला आणि गाडी थांबली. ड्रायव्हरनं हातानं खूण केली, जा म्हणून. मी उभीच राहिले. त्यानं काच खाली केली.

"यल्ला, आंटी. आप जाओ पहले."

मग मी निघाले.