आमच्या शेतातले सहा पांडव

भुताखेतांशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच — कॉलेजात जीवशास्त्राच्या खोलीत जो सांगाडा लटकवलाय, तो दर दिवाळीला मी पुसते. मूळची मी भूगर्भशास्त्राची प्रयोगशाळा सहायक, लातूरला, गेली बावीस वर्षं. दगडांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, पेट्यांत लावायचे, पोरांनी खिशात घातलेले परत काढून घ्यायचे, हे माझं काम. इथं लोकांनी लिहिलेले अनुभव वाचताना मी बरेचदा हसलेय, खोटं कशाला बोलू. वाटेत पांढऱ्या साडीतली बाई उभी राहिली की मी पान उलटते. माझ्या गोष्टीत तसलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही... सगळं भर उन्हात घडलंय, जेवणाच्या आधी.

आमचं शेत शिरूर अनंतपाळ तालुक्यात. गावाचं नाव देत नाही, दादा रागावेल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती तोच बघतो. आमच्याकडे मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस असते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते — त्या दिवशी अख्खं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. शेतात पाच दगड पांडव म्हणून असतात, त्यांना चुना-काव लावायची, त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील... वाढणारा थकतो, खाणारा नाही.

सगळ्यांच्या शेतात पांडव पाच. आमच्या शेतात सहा.

शेजारचे लोक चेष्टा करतात, "तुमच्यात कर्णालाबी जेवायला बोलवतेत जनू!" आम्हीही हसतो. आणखी एक गंमत म्हणजे पाच दगडांना ब्रशनं सगळीकडून चुना लागतो आणि सहाव्यावर फक्त बोटं ओढल्यासारखे पट्टे असतात. लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे त्यात काही विचित्र आहे असं कधी वाटलंच नाही. आपल्या घरातलं कुठलं विचित्र आपल्याला दिसतं?

हे शेत केलं माझ्या पणजोबांनी, हणमंतानं. तिथं तेव्हा नुसती बोरी-बाभळींची जाळी होती. एक बैल, एक कुऱ्हाड आणि खांद्यावर घोंगडीचं गाठोडं घेऊन हा माणूस आला, जाळी तोडली, माळाचं वावर केलं. कुठून आला, ते कोणालाच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आता हितलाच."

माझे वडील, आप्पा, आता त्र्याऐंशीचे आहेत. सोयरिकीच्या बैठकीत कुणी "मूळ गाव?" विचारलं की हा एरवी बैठक गाजवणारा माणूस खाली बघायचा. एकदा मला म्हणाले, "सुमे, लोकायला गाव असतंय, गावाचा देव असतोय. आपल्याला मागं कायच न्हाई. मी जायच्या आदी तेवढं हुडकून दे."

मी लागले कामाला. तहसिलातून खासरा पत्रक काढलं, निजामाच्या वेळचे उर्दू कागद एका रिटायर मास्तरांकडून वाचून घेतले. हणमंता सापडला, पण प्रत्येक कागदात इथलाच. पाच वर्षं हेच चाललं. दर सणाला आप्पा काही विचारायचे नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे. मला फार लाजल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी येळवशीच्या आठ दिवस आधी आप्पा ओट्यावरून पडले आणि पाय प्लास्टरात गेला. ते लातूरला माझ्या घरी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची येळवस चुकली. चुना लावायचं काम त्यांचं, ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. सकाळी नऊच्या सुमारास मी बादली-ब्रश घेऊन दगडांपाशी बसले. दादा कडबा आणत होता, काकू चुलीसाठी दगड शोधत होती. पाच पांडव रंगवून सहाव्याकडे वळले... तर त्याला चुना लागलेला. ओला.

"दादा, तू लावलास का रे ह्याला?"

"मी कुटं? तूच बसलालीस की तितं."

मी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "सहाव्याला मी कदीच लावत न्हाई. ते तुझी काकू लावती."

काकू चुलीपाशीच ताडकन उभी राहिली. "मी? अवो मला तर वाटायचं, भावजी लावतेत म्हनून! माज्या सासूनं तर मला हातबी लावू दिला न्हवता."

बघा म्हणजे गंमत. आमच्या घरात पन्नास वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणीतरी लावतो! त्या दिवशी भज्जी गार होईस्तोवर आम्ही एकमेकांवर ढकलत होतो आणि हसत होतो. दादाचं मत पडलं, शेजाऱ्याचा चावटपणा असणार. मलाही तेच पटलं.

हा चावटपणा उघडा पाडायचा म्हणून मी ओढणीच्या टोकानं चुना पुसायला गेले, तर वर्षानुवर्षं थरावर थर बसून दगड झाकून टाकलेल्या जुन्या चुन्याचा एक पापुद्राच निघून आला. खालचा दगड उन्हात चमकला. गुलाबी, दाणेदार.

लातूर जिल्ह्यातला दगड काळा असतो, बेसॉल्ट. हा होता ग्रॅनाइट. बावीस वर्षं मी पोरांना ओरडतेय की बाळांनो, दगड हातात घेतल्यावर आधी त्याच्याकडे बघा... आणि आमच्या वावरातला दगड मी जन्मात कधी बघितला नव्हता. आमच्या विभागाच्या सरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "ताई, हा तुमच्याकडचा नाही. देगलूरच्या बाजूला जा, तिथं असले दगड माळावर उघडे पडलेत."

म्हणजे गाठोड्यात काय होतं, ते कळलं. एक बैल आणि एक कुऱ्हाड एवढीच मत्ता घेऊन निघालेला माणूस वाटेत उगीच धोंडा कशाला वाहील?

मग रविवार आला की उदगीरची एसटी, तिथून देगलूर, तिथून मिळेल ते वाहन. लोकांना काय विचारायचं हाच मोठा प्रश्न होता. तिसऱ्या रविवारी एका चहाच्या हॉटेलात मी लाज सोडून सरळच विचारलं, "इकडे कुणाच्या शेतात पाचाऐवजी चार पांडव आहेत का हो?" हॉटेलवाला हसेल असं वाटलं होतं. त्यानं गाळणीसुद्धा खाली ठेवली नाही. "चार पांडववाले ना? त्या टेकडीच्या मागं. गंगव्वाचं शेत."

गंगव्वा सत्तरीच्या पुढच्या, काटक बाई. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीपाशी, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी हणमंताचं नाव घेतलं मात्र, त्यांनी सूप बाजूला केलं.

"माज्या मालकाचे आजे अन् हणमंता सख्खे भाऊ, माय. दुष्काळ पडला, एवढ्या वावरात दोन घरं जगंनात. धाकटा म्हनाला, मी जातो. बापानं पाचातला एक पांडव उचलून त्याच्या घोंगडीत बांधला. म्हनाला, जितं बसशील तितं ह्याला बसव." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "जिता हाय का मेला, कायबी कळलं न्हाई बगा परत."

त्यांनी मला ते दगड दाखवले. चार गुलाबी दगड, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये मोकळी जागा. हणमंतानं नव्या वावरात पाच नवे मांडले आणि घरचा निराळा ठेवला, असा आमचा आकडा सहा झाला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"ह्या जाग्याला आमी मोकळं ठेवत न्हाई," गंगव्वा म्हणाल्या. "येळवशीला सकाळी, कोप बांधायच्या आदी, चुना लावतो भुईला. गेलेल्याच्या नावानं. बिरूश न्हाई, हातानंच. घरातली थोरली बाई लावती. सासूमागं मीच."

असं म्हणून त्यांनी हवेत बोटं ओढून दाखवली. उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं.

"हे कधी झालं, अव्वा?"

"कडबा कटरमदी गेलं. आट वर्सं झाली."

मी तिथंच मोबाइल काढला. दादा दर येळवशीला फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. मी मागे मागे जात राहिले. अलीकडच्या सगळ्या फोटोंत सहाव्या दगडावर तीन पट्टे आहेत, मध्ये एका बोटाची जागा सोडून. त्याच्या मागच्या फोटोंत चार.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. गंगव्वांना मात्र काही नवल वाटलं नाही. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "पोचतंय की मग. बरं झालं." आणि मला शेंगा खायला लावल्या.

आप्पांना फोनवरून गावाचं नाव सांगितलं. मग त्यांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं, दोनदा. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

यंदाच्या येळवशीला आप्पा हट्टानं देगलूरला आले, काठी टेकत. दगड परत द्यायचा का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. गंगव्वा म्हणाल्या, "कशाला? बापानं दिलेला हाय तो. राहू द्या त्याच्या घरी." मग चुन्याची वाटी आप्पांपुढं केली. "यंदा तुमी लावा, भावजी."

मी दादाला फोन करून बजावलं होतं की सहाव्या दगडापुढं मांडी घालून बस आणि डोळ्याची पापणीसुद्धा हलवू नकोस. बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत, एवढं तर करणारच.

आप्पांनी चुन्यात बोटं बुडवली. पण दुखरा पाय वाकेना. खाली झुकताना तोल गेला, तो सावरायला त्यांनी अख्खा पंजाच त्या मोकळ्या भुईवर टेकवला. आम्ही धावलो. ते तसेच राहिले, हात टेकवून, डोळे मिटून. उठवायला गेले तर म्हणाले, "थांब की जरा. आलोय तर बसू दे."

मिनिटाभरात माझा फोन वाजला. दादा होता. "सुमे, काकूनं परात मागितली गं... नुसती मान वळवली मी, तेवढ्यात..." मग त्यानं फोटो पाठवला.

दगडावर अख्खा पंजा होता. पाची बोटं, ओला चुना खाली ओघळलेला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. आप्पांची करंगळी लहानपणी मोडली होती, ती तशीच जुळलेली आहे.

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी फोटो बघितला, आपला चुन्यानं माखलेला हात बघितला, आणि एवढे प्रसन्न हसले की मला त्यांचं लहानपण दिसलं. "नीट लागलाय," म्हणाले. "आता वाढा. लई भूक लागली."

तीन पट्ट्यांचा आणि पंजाचा, असे दोन्ही फोटो सरांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "ताई, ग्रॅनाइटचं मी सांगू शकतो. चुन्याचं विचारू नका." मी स्वतःही विचार करकरून थकले. कोणाला काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, फक्त शेजाऱ्याचा चावटपणा म्हणू नका... तो बिचारा त्या वेळी आमच्याच चुलीपाशी चहा पीत बसला होता.

परवा पुतण्याच्या लग्नासाठी बायोडेटा लिहायला घेतला. 'मूळ गाव' या रकान्यापाशी दादाचं पेन सवयीनं थांबलं. आप्पांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. अक्षर एवढं मोठं काढलंय की खालचा उंचीचा रकानाही त्यातच गेला. बायोडेटा तसाच पाठवलाय.