राहीलची पांढरी डबी

राहील माझा धाकटा भाऊ. उंब्रजला आमचं सायकलचं दुकान हाय, त्याच्या मागच्या खोलीत त्यो थ्रीडी प्रिंटर घिऊन बसायचा. प्लास्टिकची तार वितळायची आन थरावर थर बसून डबी व्हायची. डबीत एका अंगाला बारका बल्ब, समोर उजेड मोजनारा डोळा, मधी बाटलीत पानी. मानसाला नितळ दिसलं तरी पानी खराब आसंल तर उजेड पल्याड कमी पोचतो, मग लाल दिवा. चांगलं आसंल तर हिरवा. बाजारात आसलं यंत्र लय म्हाग. अब्बा म्हनायचे, "पंक्चर काढाय शिक, पोट भरंल." ह्यो हसायचा, "पान्याचं पंक्चरच काढतोय की अब्बा."

डब्या समद्या काळ्या. पर डबी घ्याय आलेल्या आटपाडीच्या चंपाबाई म्हनल्या, "पोरा, सून पोटुशी हाय, घरात काळी वस्तू नको रं." म्हनून त्यानं पांढरी करून दिली.

मग एकदा तसलीच पांढरी डबी दुकानाच्या दारात ठिवली, खराब पानी घातलं, तरी हिरवा दिवा. राहीलचं त्वांडच उतरलं. "आपा, पांढऱ्यातनं भाईरचा उजेड आत शिरतोय गं. ती मानसं घान पानी पीत आसतील." त्यांचा फोन लागंना, तवाच गाडी काढली. वाटंत ट्रकनं उडवलं. त्यो पोचलाच न्हाई.

दफन झालं, घर मानसांनी भरलं, आन मला डबी आठवली. चंपाबाईंना फोन लावला.

"काकू, दिवा कसला हाय?"

"हिरवाच की गं, रोजच हिरवा. गाळून घेतो आन निवांत पितो."

"डबी कुठं हाय?"

"खिडकीत."

"तिच्यावर घोंगडं टाका. दिवा तेवढा उघडा ठिवा."

त्यांनी घोंगडं टाकलं. मग, "अगं समीना, लाल झाला की!"

मागनं सून प्रियदर्शनी वरडली, "आत्ती, मी आत्ताच तांब्याभर प्याले! कालपास्नं पोट दुखतंय ते ह्येच का?"

"राहीलला दे गं फोन," चंपाबाई रडकुंडीला आल्या. "आता काय करायचं ते त्योच सांगंल."

"काकू, राहील गेला. तुमच्याकडंच येत हुता. तुमी पोरीला आदी दवाखान्यात न्या, मी निगाले."

आता एसटीत हाय. त्यानं पांढरी डबी आनखी कुनाला दिली का मला ठाव न्हाई. आसंल तर तिच्या हिरव्या दिव्यावर इसवास ठिवू नका. चंपाबाईंना फोन लावतेय, वाजतोय, पर कोनी उचलंना.