जयवंता वहिनीची घंटी

आमच्या जयवंता वहिनीची बोटं पाहून अनोळखी बाया विचारतात, "मेंदी काढली का?" मेंदी कसली! घरी सर्किट बोर्ड करायचा तर तांब्याची पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात बुडवावी लागते. नको असलेलं तांबं ते पाणी खाऊन टाकतं आणि सोबत वहिनीची बोटंही पिवळी-तपकिरी करतं. हातमोजे घाल म्हणून मी किती ओरडले. "मोजे घातले का अंदाज येत नाई, नंदिनीबाई," हे तिचं ठरलेलं उत्तर.

ती माझ्या मोठ्या भावाची, श्रावणदादाची बायको. जाम गावच्या चौकात दादाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नवी नवरी असताना वहिनी दुपारी डबा घेऊन जायची आणि त्याचं जेवण होईस्तोवर त्याच्या स्टुलावर बसायची. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नाही. आधी वायरी सोलायला लागली, मग सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळवून बोर्डाला टाके द्यायला. पुढे रस्ता रुंद झाला आणि दुकान गेलं. दुरुस्ती करून घेणारी गिऱ्हाइकं तर त्याच्या आधीच गेली होती. वहिनीचा नाद तेवढा राहिला. टाकी भरली की वाजणारा भोंगा, अंधार पडला की आपोआप लागणारा अंगणातला दिवा, काही ना काही चालूच. गुळगुळीत कागदावर सर्किटचा नकाशा छापून आणायचा, तो पाटीवर पालथा ठेवायचा आणि कपड्याच्या इस्त्रीनं दाबायचा, म्हणजे शाई तांब्यावर उतरते. एकदा इस्त्रीला चिकटलेली ती शाई माझ्या पांढऱ्या साडीवर उतरली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी घेतलेली कोरी साडी! माझा राग वहिनीला पुरता ठाऊक आहे. तिनं त्या वर्षी मला स्वतःची साडी नेसवली.

मग दादा विसरायला लागला. आधी चष्मा, मग गावं, मग माणसं. सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की हे वाढतच जाणार. मला तो "बाई" म्हणायला लागला, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. पण खरी धास्ती वेगळीच होती. जेवण झालं की दादा चपला घालून दुकानाला निघायचा. आणि दुकान जिथं होतं तिथं आता हायवे आहे, दिवसरात्र ट्रक धावतात.

दाराची वरची कडी लावून पाहिली, ती काढायचं त्याला सुचेना. दादानं दार बडवून हात सुजवून घेतले. "मले कोंडलं, मले कोंडलं" म्हणून लहान लेकरासारखा रडला. त्या दिवशी वहिनीनं ठरवलं, काही झालं तरी या माणसाला कोंडायचं नाही. आणि तिनं घंटी केली. दाराला लोहचुंबक, चौकटीला स्विच, भिंतीवर डबीत बोर्ड. दार उघडलं की घरभर घंटी वाजायची आणि आम्ही दोघी धावायचो. मी हिंगणघाटला राहणारी, आठ-पंधरा दिवसांनी यायचे, पण तिथंही झोपेत मला ती घंटी ऐकू यायची.

पावसाळा सरतानाची गोष्ट. मी आले होते. जेवणं झाली, मी ओसरीच्या आतल्या खोलीत मेथी निवडत होते, वहिनी मागच्या अंगणात नवी पाटी धूत होती. घंटी वाजली नव्हती, म्हणजे दादा घरात होता. इतका साधा हिशेब. त्या शांततेनं मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मेथी घेऊन उठले आणि दार सताड उघडं दिसलं.

"वहिनी!" एवढंच ओरडले मी. ती ओल्या हातानं आली. भिंतीवरची डबी उघडी होती, आत बोर्ड नव्हता. सेल काढून शेजारी कोनाड्यात उभे ठेवले होते. स्क्रू डबीच्या झाकणात, एकही खाली पडलेला नाही. वायरींची टोकं वळवून बाजूला केलेली. ओरबाडलेलं काही नव्हतं.

"हे तुमचे दादाच करतेत," वहिनी पुटपुटली. "आधी सेल काढाचे, मंग हात लावाचा."

बायकोचा चेहरा विसरलेल्या माणसाचे हात हे विसरले नव्हते. आम्हाला तेव्हा त्याचं कौतुक सुचणार कुठून? आम्ही पळत सुटलो. मी अनवाणी, वहिनीचा पदर चिखलात. हायवेवरून एखादा ट्रक जोरात हॉर्न द्यायचा. प्रत्येक हॉर्न दादासाठीच वाजतोय असं वाटायचं. वहिनी पुढं बघून नुसती धावत होती. मला तिचा राग येत होता. रड तरी, ओरड तरी!

चौकाच्या अलीकडे बंडूजींचं पंक्चरचं दुकान आहे. जुन्या दुकानाचे ते शेजारी. त्यांनी लांबूनच हात केला. दादा तिथं एका ट्रकच्या टायरवर बसला होता, मांडीवर बोर्ड.

"रस्त्याच्या पार मधात गेलते," बंडूजी हळू आवाजात म्हणाले. "मी म्हनलं, दुकानाची चाबी माह्यापाशी हाय, बसा जराक. तवा बसले."

मी तिथंच मातीत बसले. वहिनी मात्र दादासमोर उभी राहिली. दादानं तिच्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहायचा तसं.

"बाई, हा बोर्ड तुमचा हाय का?"

"हो जी," वहिनी म्हणाली.

"याचा एक टाका ड्राय हाय. पाहा, चमक नाई, राखाडी पडला. आज वाजन, उद्या वाजनार नाई. दुकान उघडलं का करून देतो."

मी बोर्ड पाहिला. बाकीचे टाके चांदीच्या थेंबासारखे, एक मळकट. वहिनी तो टाका देत असताना दादा उठून दाराकडे निघाला होता म्हणे. वहिनीनं मान वर केली, हात हलला, आणि टाका गार होण्याआधीच हलला.

"माह्या घरी आयर्न हाय जी," वहिनी म्हणाली. "चालता का?"

दादा उठून तिच्यामागं निघाला. घरी आल्यावर त्यानं आयर्नचं टोक ओल्या फडक्यावर पुसलं, टाका वितळवला, आणि तो गार होईस्तोवर श्वास रोखून बसला. मग फुंकर मारून हसला.

"आमची जयवंता बी असंच करते," तो तिलाच म्हणाला. "हात चांगला हाय तिचा, पन घाई लय. थंडा होऊच देत नाई."

वहिनी म्हणाली, "सांगजा तिले." आणि चहा ठेवायला म्हणून आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही.

घंटीवर आता भरवसा नव्हता, दुसऱ्या दिवसापासून तिचा नवा उद्योग सुरू झाला. रोज एक लहानसा बोर्ड करायचा आणि त्यात मुद्दाम एक टाका बिघडवायचा. ज्या हाताला जन्मभर नीट टाके द्यायची सवय, त्याला बिघडवणं फार जड गेलं. मी पाहिलंय, टाका द्यायची आणि डोळे मिटून हात हलवायची. जेवण झालं की बोर्ड दादासमोर. "पाहून देता का जी, बिघडला." दादा खिडकीशी बसायचा, चुकीचा टाका हुडकायचा, दुरुस्त करायचा. चपलांची आठवण त्याला व्हायची नाही. दुकानच घरी आलं होतं. हिवाळा असा गेला, उन्हाळाही. हिंगणघाटला मला झोप लागायला लागली.

परवा मी गेले होते. जेवणानंतर वहिनीनं बोर्ड पुढं केला. दादानं तो खिडकीशी धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"बरा हाय जी," दादा म्हणाला आणि बोर्ड परत दिला.

"नीट पाहा ना," वहिनी म्हणाली. "एक टाका..."

"बरा हाय म्हनलं ना."

मी बोर्ड हातात घेतला. तो राखाडी टाका मलासुद्धा दिसत होता. मी वहिनीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दादा कोपऱ्यात चपला शोधायला लागला होता.

वहिनी दारापाशी गेली आणि तिनं वरची कडी लावली.