माझं पथ्य, तिचं ताट

शुगर काठावर आली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून माझी ऐट वाढली. तसा मी साधा मास्तर. राहायला सौंसरला, शाळा बोरगावला. पण पथ्य सुरू केलं आणि मला वाटायला लागलं की आपल्यासारखा निग्रही माणूस तालुक्यात नसेल. भात बंद, साखर बंद. ज्वारीची भाकर, डाळ, भाजी आणि जेवणानंतर बसस्टँडपर्यंत फेरी. शाळेत कोणी बिस्किटं पुढे केली की मी त्याला भाषण ऐकवायचो. शेवटी लोक मला पाहून पुडे टेबलाखाली सरकवू लागले.

घरी आम्ही नवराबायको दोघंच. मुलगा नोकरीला नागपूरला असतो. बायको माझ्यासाठी दोन्ही वेळा गरम भाकर टाकायची. मी भात सोडला तरी तिच्या कुकरमध्ये तांदूळ पूर्वीइतकेच पडायचे. ऐन वेळी कोणी आलं तर भांडं रिकामं नको, असं तिचं म्हणणं. भात उरायचा. त्याचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

एकदा पांढुर्ण्याला मेहुणीच्या नातवाचं बारसं होतं. मेहुणी स्वतः गुलाबजाम घेऊन आली.

“घ्या न भाऊजी. एखांद्यानं काई होत नाई.”

“नाई म्हंजे नाई. मले शुगर हाय.”

तरी तिनं दोन वाढलेच. मी ते उचलून शेजारी बसलेल्या बायकोच्या ताटात ठेवले. “भाऊजीचा कंट्रोल पाहा!” असं कोणीतरी म्हणालं आणि मी फुलून गेलो. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून बायकोनं स्वतःचे आणि माझे, सगळे गुलाबजाम संपवले. परतीच्या बसमध्ये तिनं पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली.

“किती गोड खाऊन राहिली तू! जिभेवर काई ताबाच नाई तुहा,” मी म्हणालो.

तिनं रिकामी बाटली पिशवीत ठेवून दिली.

पुढे ती फार थकायला लागली. भांडी घासता घासता तशीच बसून राहायची. मानेवर काळसर पट्टा दिसू लागला. मला तो मळ वाटला. अंघोळीच्या वेळी नीट घासत जा, असं मी तिला सांगितलंसुद्धा. हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

माझ्या तपासणीला ती सोबत आली होती, तेव्हा मानेवरचा असा पट्टा शुगरची खूण असू शकतो, असं म्हणून डॉक्टरांनीच आग्रह करून तिचंही रक्त घेतलं. दोघांचे रिपोर्ट समोर ठेवून ते म्हणाले, “सर, तुमची आता ठीक आहे. मॅडमची मात्र बरीच वाढलेली आहे.”

“असं कसं? जे मी खातो तेच ती खाते,” मी ठामपणे बोललो.

डॉक्टरांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. सकाळी काय खाता, असं त्यांनी तिलाच विचारलं.

“रातचा भात. फोडणी देऊन.”

“आणि दुपारी?”

तिनं माझ्याकडे बोट केलं. “यायची भाकर झाली का मले आपल्यासाठी टाकाचा कंटाळा येते. भातच घेते. मंग चायसंगं मिठाई. यायचे विद्यार्थी पेढे आणून देते न. यायले तं चालत नाई. संत्री नरम पडले का साखर टाकून रस काढते. फेकाव कायले?”

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं पहिल्यांदा ऐकत होतो.

डॉक्टर म्हणाले की वय, वजन, आईवडिलांकडून आलेलं, असं बरंच काही असतं. पण रोजच्या ताटातला इतका भात आणि इतकी साखर फार मोठी गोष्ट आहे. तिच्या आईलाही शुगर होती. बाहेर पडल्यावर मी त्या एका गोष्टीला धरून बसायचा प्रयत्न केला. तो काही टिकला नाही. मी गोड सोडलं नव्हतं, तिच्याकडे सरकवलं होतं. वर तिच्याच जिभेला नावं ठेवली होती.

संध्याकाळी मी म्हणालो, “आजपासून दोघायलेबी भाकर.” तिनं मान हलवली. ती भाकर टाकत होती तेव्हा मी पहिल्यांदाच चुलीजवळ गेलो, भाजी चिरून दिली, वाढूनही घेतलं. दोघं सोबत जेवलो. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

जेवण झाल्यावर तिनं ओट्यावरचा कुकर उघडून आत पाहिलं. सकाळचा भात तसाच होता.

“अवो,” ती म्हणाली, “मंग आता हा कोण खाईन?”

तो टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.