बाबाजीभावजींची बिनक्लचची गाडी

...नाही गो सेजल, इंजिनाचं तेल नव्हे, गिअरबॉक्साचं. तसंच लिहून घे, फोनवर सांगायला लागेल. तुझे बाबाजीआजोबा, माझे धाकटे दीर, त्यांच्याच गाडीचं सांगते. बोलून बोलून मी दमले, तरी सांगायला हवंच.

भावजींनी डिचोलीच्या खाणीवर उभा जन्म खनिजाचा ट्रक, टिप्पर, चालवला. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचच नाही, डाव्या पायाला काम नाही. आपल्या हळर्णातली आजारी माणसं म्हापशाच्या इस्पितळात न्यायची, आणायची, त्यावर त्यांचं चालतं. ही गाडी गेली तर भावजी घरात बसले म्हणून समज. दुसरी त्यांना झेपणार नाही.

यंदा नदी अंगणात आली. गाडी दारांपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर डिचोलीच्या गॅरेजवाल्या प्रज्योत मेस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "चावी फिरवू नका. गिअरबॉक्सात पाणी गेलं असणार. गाडी चालू केली की आतल्या प्लेटींवरचा थर सुटतो."

भावजींना पटेना. खाणीवर टिप्पर पाण्यात गेला की चालू ठेवून तापवायचे, तीच सवय. मी चावी उचलली नि कमरेला खोचली.

"वयनी, चावी दी."

"नाही देत."

"तू कधीपासून मेस्त्रीण झालंस गे?"

"तुम्ही चोळून चोळून गुडघ्याचे डॉक्टर झालात ना, तेव्हापासून!"

हसले, पण नजर गाडीवरच.

गाडी टेम्पोवर चढवून डिचोलीला नेली. मीही गेले, नाहीतर भावजी दिवसभर उपाशी राहिले असते. ते तेल लाल असतं गो, कोकमाच्या आगळासारखं. खाली आली ती पाणी मिसळून झालेली सोलकढी! प्रज्योतनं नवं तेल घातलं, चाकं उचलून गाडी थोडी फिरवली, परत काढलं. पुन्हा सोलकढी, जरा लालसर. असं करत करत शेवटी लाल आलं. मी हात जोडले. प्रज्योत मात्र खालच्या ताटलीतला काळा चुरा बोटानं चाचपत होता.

"कोणी चालू केलेली काय?"

भावजी गुडघा चोळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या सकाळी, तू उठण्याआधी, वयनी. थोडीच. आवाज बरो होतो."

चावी मी नंतर कमरेला खोचली नि उगाच मिरवत होते.

आता गाडी सपाटीला धावते. पेडण्याच्या चढावावर नुसती ओरडते, वर जात नाही. प्रज्योत म्हणतो, गिअरबॉक्स उघडून प्लेटी बदलल्या तर सुधारेल. पण वास्कोहून भावजींचा लेक सुदेश म्हणतो, विकून टाका, मी साधी क्लचवाली व्हॅन बघितलीय. भावजी फोनवर "बरं, बरं" करतात. पायाचं लेकाला कधी सांगितलंच नाही.

काल दुपारी बघितलं, बाहेर ओसरीवर बसून डावा पाय खांबाला लावून दाबत होते. कपाळावर घाम.

"काय करताय, भावजी?"

"काय नाय. पाय मोकळो करतंय."

पुन्हा दाबला. गुडघा थरथरला नि पाय खाली आला. मी आत निघून गेले, बघवेना.

म्हणून सांगते सेजल, सुदेशकाकाला फोन कर. म्हणावं, व्हॅन आणू नको, तुझ्या बापाचा पाय क्लच दाबत नाही. आहे त्याच गाडीचा गिअरबॉक्स प्रज्योतकडून उघडून घे. आणि मी सांगितलं ते भावजींना कळू देऊ नको म्हणावं.