घाटातला ढोरदवणा

"पालटून बघा, मास्तर. वरून समदेच साळसूद दिसतेत."

पान असो, मेथीची जुडी असो की माणूस, शेजारचे काका आधी मागची बाजू बघायचे. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेली. जो प्रवासी फार गोड हसतो त्याच्याकडे तिकीट नसतं, हे त्यांचं पक्कं मत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, हेसुद्धा त्यांना शेजारी राहून कितीतरी वर्षं पटलं नव्हतं. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

एकदा मी सहज म्हणालो, रानातला ढोरदवणा मला आपल्या भागात कुठं दिसला नाही. काकांनी डोळे बारीक केले. "कशाला पायजे? इकायला?"

महिनाभर पारख करून एका रविवारी त्यांनी मला कन्नडच्या घाटात नेलं. तेही मुद्दाम फेऱ्याच्या वाटेनं, म्हणजे मला ती जागा पुन्हा एकट्यानं सापडू नये.

ओघळीच्या काठाला कमरेएवढी झुडपं होती. मला तर ते गाजरगवतच वाटलं. काकांनी पान पालटलं. खालून राखेसारखं पांढुरकं. मग चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. देवाला वाहतात त्या दवण्याचाच वास, पण जरा कडवट, रांगडा.

"गाजरगवताला जमंल का हे?" काका मनापासून हसले आणि लगेच गंभीर झाले. "कुणाला सांगायचं नाय. जडीबुटीवाले मुळासकट नेतेत. शप्पथ घ्या."

मी घेतली.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजनं घाटात गाजरगवत उपटायची मोहीम काढली. प्राचार्यांनी मला विचारलं, "काही वगळायचंय का?" पोरं रस्त्याच्या कडेलाच राहतील असं धरून मी नाही म्हणालो. पोरं फारच उत्साही निघाली. कोवळा ढोरदवणा वरून अगदी गाजरगवतासारखा दिसतो.

पोरं ओघळीपर्यंत पोचली होती हे कळल्यावर मी काकांना सांगितलं आणि त्यांच्याच वाटेनं आम्ही तिथं गेलो. ओघळ साफ झाली होती आणि उपटलेला ढीग वाळत पडला होता. काका दगडावर बसले. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही.

"कुणाला सांगितलं व्हतं?"

"कुणालाच नाही, काका."

त्यांनी उलटतपासणी केली नाही. माझं बोलणं त्यांनी इतक्या लगेच कधीच खरं मानलं नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तुमी सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "म्याच सांगू दिलं नाय."

त्या दिवाळीनंतर काका गेले. मी दर पावसाळ्यात घाटात जातो. आता सोबत अख्खा वर्ग असतो. त्यांना दाखवायला अजून एकही झुडूप मिळालेलं नाही.